एका होलपायी अख्खा राउंड पाण्यात: कुठला होल कसा खेळता?

डबलबोगी
काल रात्री गोल्फचं स्कोअरकार्ड घेऊन बसलो आणि झोप उडाली. एकूण ९८. त्यात नवीन काही नाही, माझा कोर्स हँडिकॅप (म्हणजे राउंडमागे मिळणारी फटक्यांची सवलत) २२ आहे. पण या वेळी बेरीज जरा वेगळ्या पद्धतीने केली. १५ होल मिळून पारच्या (होलला अपेक्षित फटक्यांच्या) वर १३, आणि उरलेल्या तीन होलमध्येही पारच्या वर १३! पंधरा होल माणसासारखा खेळलो आणि तिघांनी मातीत घातलं. त्याहून वाईट म्हणजे दर वेळी तेच तिघे.

पहिला गुन्हेगार सातवा. पार ४, ३७० यार्ड, उजवीकडे वळणारा डॉगलेग, स्ट्रोक इंडेक्स (अवघडपणाचा क्रमांक) ३. वळणाच्या आतल्या बाजूला, टीपासून (सुरुवातीच्या जागेपासून) साधारण २०० ते २४० यार्डांच्या पट्ट्यात तळं, लाल खुंट्या (पेनल्टीची खूण) लावलेलं. डावीकडे झाडी, पण विरळ. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) पुढे उजवीकडे बंकर (वाळूचा खड्डा). काल इथे दोन चेंडू तळ्यात, एकूण ९.
दुसरा पार ३, १५५ यार्ड, ग्रीनच्या तोंडाशी भलामोठा बंकर. ७.
तिसरा पार ५, ४९० यार्ड. इथे ड्राइव्ह बसला की मला थ्री-वूड दिसायला लागतो, आणि थ्री-वूड दिसला की पुढचं काही दिसत नाही. ९.

माझ्या क्लबांची अंतरं, यार्डांत: ड्रायव्हर २१०, थ्री-वूड १९०, हायब्रिड १७०, ६ आयर्न १४५. ८० यार्डांवरून वेज (जवळच्या फटक्याचा क्लब) त्यातल्या त्यात भरवशाचा. उजव्या हाताने खेळतो, बिघडला की चेंडू उजवीकडेच जातो.

'स्विंग सुधारा' हा सल्ला कृपया नको, सहा वर्षं तोच ऐकतोय. आहे त्या स्विंगवर हे होल कसे खेळायचे तेवढं सांगा.

वाळूतला_उंट
माझी कुंडली चोरून धागा काढल्याबद्दल निषेध. खुर्ची टाकून बसलोय.

खडूस_कॅडी
स्विंगबद्दल बोलणार नाही. पण 'ड्रायव्हर २१० जातो' या वाक्यावर बोलणार. जातो म्हणजे चांगला बसला की जातो. उरलेले नऊ कुठे जातात?

एकदा रेंजवर जा, दहा चेंडू मारा आणि सगळ्यात लांबचा विसरून जा. सगळ्यात डावा कुठे पडला, सगळ्यात उजवा कुठे, सगळ्यात आखूड कुठे, एवढंच वहीत लिहा. चेंडू रेषेत जात नाही हो, हातपंख्यासारखा पसरतो. तो तुमचा पंखा. आता तो पंखा सातव्या होलवर उलगडून ठेवा. तुमचा सर्वात चांगला ड्राइव्ह २१० यार्डांवर, म्हणजे बरोब्बर तळ्याच्या शेजारी पडतो. जरा उजवीकडे गेला की बुडाला. तळं खणणाऱ्याने तुमच्यासारख्यांचं अंतर मोजूनच खणलंय. आणि वाईट मारलेला १६० यार्डांचा ड्राइव्ह मात्र कोरडा राहतो! म्हणजे या होलवर ड्रायव्हर घेतला की चांगल्या फटक्याला शिक्षा आणि वाईटाला माफी.

दुसरी गोष्ट कार्डावर छापलेलीच आहे, कोणी वाचत नाही. तुमचा हँडिकॅप २२. प्रत्येक होलवर एक स्ट्रोक मिळतो, त्याचे १८ झाले. उरलेले चार इंडेक्स १ ते ४ च्या होलवर आणखी एकेक. सातव्याचा इंडेक्स ३, म्हणजे तिथे तुम्हाला दोन स्ट्रोक मिळतात. कार्डावर पार ४ लिहिला असला तरी तुमचा पार ६ आहे. सहा! मग टीवर उभं राहून चारसाठी धडपड कशाला?

आता होल उलटा मोजा, ग्रीनकडून टीकडे. वेज ८० वरून भरवशाचा. ३७० वजा ८० म्हणजे २९०. त्याचे दोन भाग केले की १४५ आणि १४५. दोन ६ आयर्न. पहिला तळ्याच्या कितीतरी आधी थांबतो. दुसऱ्याला तळं उजवीकडे ५५ ते ९५ यार्डांवर येतं, पण तिथे चेंडू हवेत असतो, उतरतो तळ्यापलीकडे. नेम डावीकडे धरा. मग वेज, दोन पट (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलायचे फटके), ५. नेट बर्डी (सवलत धरून पारपेक्षा एक कमी) झाली की राव. एक पट जास्त लागला तरी ६.

नवशिकी
कॅडीकाका, दंडवत. वाचनखूण साठवली.

मागचा_टी
तळ्यापुरतं खडूसरावांशी सहमत. पण 'मागे थांबा, आवडत्या अंतरावर चेंडू ठेवा' हा सल्ला सरसकट देऊ नका, त्याने नुकसान होतं.

कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हजारो फटक्यांची नोंद घेऊन 'स्ट्रोक्स गेन्ड' हे मोजमाप मांडलं. पीजीए टूरने २०११ पासून पटिंगसाठी ते वापरायला घेतलं, पुढे बाकीच्या फटक्यांनाही लागू झालं. त्यातून निघालेली गोष्ट अनेकांच्या पचनी पडत नाही: चांगल्या आणि सामान्य खेळाडूतला फरक मुख्यतः लांबच्या फटक्यांत असतो, पटिंगमध्ये नव्हे. आणि चेंडू होलच्या जितका जवळ, तितके सरासरीने कमी फटके लागतात. ८० यार्डांवरून भरवशाचा वाटणारा वेज ४० वरून मारला तर चेंडू बहुतेक वेळा पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या) आणखी जवळच बसतो. 'मला पूर्ण स्विंग लागतो' ही समजूत वहीत मोजून बघा, बहुतेकांची खोटी निघते.

म्हणून माझा नियम साधा. पंख्यात पाणी, ओबी (कोर्सच्या हद्दीबाहेरची जागा) किंवा चेंडू हरवेल अशी झाडी येत असेल तरच क्लब कमी करायचा. नुसता रफ (लांब गवत) किंवा फेअरवेवरचा (मधल्या कापलेल्या पट्ट्यावरचा) एखादा बंकर असेल तर ड्रायव्हर. सातव्यावर मी हायब्रिड घेईन. १७० म्हणजे तळ्याच्या ३० यार्ड आधी. दोन ६ आयर्न जरा जास्तच भित्रं वाटतं.

खडूस_कॅडी
भित्रं म्हणा. कोरडा चेंडू भित्रा असला तरी खेळता येतो.
हायब्रिडला हरकत नाही, पण १७० हवेतले की लोळून? फेअरवे कडक असेल आणि जमीन त्या बाजूला उतरती असेल तर तो १९५ ला जाऊन तळ्यात डोकावेल. डबलबोगी, ते आधी तपासा.

निळी_छत्री
पार ३ बद्दल मी लिहिते, कारण तिथे मी स्वतः चार वर्षं हट्टाने चुकत होते.

आधी एक प्रश्न. डबलबोगी, १५५ ला तुम्ही कुठला क्लब घेता?

डबलबोगी
६ आयर्न. जरा जोर लावून.

निळी_छत्री
हसू आलं, रागावू नका. वर तुम्हीच लिहिलंय, ६ आयर्न १४५. अगदी मनासारखा बसला तर बंकरमध्ये. होल तुमच्या कार्डावर नाही, तुमच्या बॅगेत चुकतोय.

पार ३ वर तीन आकडे लागतात: ग्रीनची पुढची कड, मध्य आणि मागची कड. ग्रीन ३० यार्ड खोल असेल तर पुढच्या आणि मागच्या पिनमध्ये तीन क्लबांचा फरक पडतो. आपण हौशी लोक जवळजवळ नेहमी आखूड पडतो, आणि आर्किटेक्टला ते माहीत असल्यामुळे बंकर पुढेच असतो. म्हणून मी मागच्या कडेचा आकडा बघते आणि 'कितीही छान बसला तरी मागे जाणार नाही' असा सगळ्यात मोठा क्लब घेते. थोडा कमी बसला तर मध्यावर, बराच कमी बसला तर पुढच्या कडेवर. पिनकडे बघायचंच नाही.

हे आपल्यासारख्यांपुरतं आहे असं कोणी म्हणू नका. ऑगस्टा नॅशनलचा बारावा, पार ३, १५५ यार्ड (तुमच्याच अंतराचा!), पुढे रेज क्रीक हा ओढा. २०१९ च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी पिन उजवीकडे होती. मोलिनारी, केपका, पोल्टर, फिनाऊ, चौघांचेही चेंडू पाण्यात. टायगर वूड्सने पिन सोडून बंकरवरून ग्रीनच्या मध्याकडे मारला, दोन पट घेतले आणि पार करून निघाला. स्पर्धा त्यानेच जिंकली. त्याच होलवर २०१६ मध्ये जॉर्डन स्पीथने आघाडीवर असताना ७ घेतले होते.

आणि वारा. समोरून वारा असला की माणूस जोर लावतो. जोर लावला की चेंडूला फिरकी जास्त मिळते, तो उंच चढतो आणि आणखीच आखूड पडतो. एक-दोन क्लब मोठा घ्या आणि तीन चतुर्थांश स्विंगने सावकाश मारा. ढोबळ हिशेब असा की समोरचा वारा ताशी १० मैल असेल तर अंतर दहा टक्के वाढलं समजायचं. पाठीमागून तेवढाच असेल तर जेमतेम पाच टक्के कमी. वारा नेतो जास्त, देतो कमी. पेबल बीचचा सातवा जेमतेम १०७ यार्डांचा, एरवी वेजचं काम. १९९२ च्या यूएस ओपनला शेवटच्या दिवशी टॉम काइटने तिथे ६ आयर्न काढला होता. तरी ग्रीन चुकलंच, पण चिप (जवळून उचललेला छोटा फटका) थेट होलमध्ये गेली, आणि स्पर्धाही त्यानेच जिंकली.

वाळूतला_उंट
छत्रीताई, १०७ ला ६ आयर्न! हे कात्रण करून बॅगेला चिकटवतो. आमच्या चौकडीत मोठा क्लब काढला की लोक खोकतात.

नवशिकी
एक बाळबोध प्रश्न. टीवर चेंडू नेमका कुठे ठेवायचा? मी आपली दोन खुणांच्या मधोमध ठेवते.

नियमबुवा
बाळबोध मुळीच नाही. दोन खुणांच्या मधला अख्खा पट्टा तुमचा, शिवाय मागे दोन क्लबलांबी. चेंडू त्या आयतात हवा, पाय बाहेर असले तरी चालतात. मधोमध सगळ्यांनी खड्डे केलेले असतात, तिथे उभं राहायचं कारण काय? धोका ज्या बाजूला, त्या बाजूला टी लावा आणि धोक्यापासून दूर नेम धरा. सातव्यावर तळं उजवीकडे, तर उजव्या खुणेजवळ टी. तिथून डावीकडची मोकळी जागा आपोआप रुंद होते. अनेक जण नेमकं उलट करतात, भीतीने डावीकडे सरकतात आणि मग उभेच तळ्याकडे तोंड करून राहतात.

धागाकर्त्याला एक विचारायचंय. पहिला तळ्यात गेल्यावर ड्रॉप (चेंडू नव्याने टाकणं) कुठे घेतला होता?

डबलबोगी
जिथून आत शिरला तिथेच, काठावर. उतारावर होता, पाय चेंडूच्या खाली. तिथून ग्रीनवर मारायला गेलो आणि तोही पाण्यात.

नियमबुवा
वाटलंच. लाल खुंट्यांना एका पेनल्टीत तीन वाटा असतात. आधीच्या जागेवरून पुन्हा मारणं. चेंडू शिरला ती जागा आणि पिन यांच्या रेषेत हवं तेवढं मागे जाणं. किंवा शिरल्या जागेपासून, होलच्या जवळ न जाता, दोन क्लबलांबीच्या आत ड्रॉप. लोक डोळे झाकून तिसरी घेतात, कारण ती सर्वात पुढे असते. पण उतारावरून, वाकड्या पायांनी, पुन्हा त्याच तळ्याशेजारून मारण्यापेक्षा २० यार्ड मागे सपाट फेअरवेवर गेलं तर काय बिघडतं? पेनल्टी दोन्हीकडे एकच. आणि ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, २०१९ पासून. अजूनही काही जण खांद्यावरून टाकतात.

मागचा_टी
आता पार ५, तिथे मला भांडायचंय. ज्याला दोन फटक्यांत ग्रीन गाठता येतं त्याने मारावं, आकडे त्याच्या बाजूने आहेत.

खडूस_कॅडी
२००७ ची मास्टर्स. झॅक जॉन्सनने चार दिवसांत एकाही पार ५ वर दोनमध्ये ग्रीनचा नाद केला नाही, सगळीकडे लेअप (मुद्दाम ग्रीनच्या अलीकडे थांबणं). पार ५ वर एकूण ११ अंडर, आणि विजेत्याचा हिरवा कोट अंगावर.

मागचा_टी
झॅक जॉन्सन हा जगातल्या उत्तम वेज खेळणाऱ्यांपैकी एक, आणि त्या आठवड्यात थंडी-वाऱ्याने कोर्स इतका कडक होता की जिंकणारा स्कोअरही पारच्या एक वर, २८९. एका माणसाचा एक आठवडा म्हणजे नियम नव्हे.

पण गंमत अशी की डबलबोगींच्या बाबतीत आपण दोघेही बरोबर ठरतो. ४९० मधून २१० गेले, उरले २८०. थ्री-वूड अगदी स्वप्नातल्यासारखा बसला तरी १९०. उरले ९०. हायब्रिड मारला तर उरतात ११०. म्हणजे तो सगळा थरार २० यार्डांसाठी! ग्रीन मिळणार असेल तर जोखीम घ्या, मी टाळ्या वाजवीन. पण २० यार्डांसाठी गवतावरून बॅगेतला सगळ्यात अवघड क्लब? हे माझ्या आकड्यांतही बसत नाही.

खडूस_कॅडी
तारीख लिहून ठेवा, आज मागचा_टी आणि माझं एकमत झालं.

वाळूतला_उंट
एक जुनी जखम उकरतो. १९९९, कार्नूस्टी, ओपन चँपियनशिप. ज्याँ व्हान द वेल्दे अठराव्याच्या टीवर तीन फटक्यांनी पुढे. पार ४ वर डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) घेतली असती तरी जिंकला असता. सगळे म्हणतात ड्रायव्हर काढला हीच चूक. मी तो होल इतक्या वेळा पाहिलाय की आता माझं मत वेगळं झालंय. ड्राइव्ह बराच उजवीकडे गेला, पण वाचला. दुसरा, २ आयर्न, स्टँडच्या कठड्यावर आपटून उलटा आला आणि लांब गवतात बसला. ते नशीब. चूक तिसऱ्या फटक्यात झाली. त्या गवतातून ओढ्यावरून ग्रीनवर मारायचा मोह. चेंडू बॅरी बर्नमध्ये. मग बूट काढून, विजार वर करून स्वारी पाण्यात उतरली, विचार बदलला, ड्रॉप घेतला, पुढचा बंकरमध्ये. शेवटी ७. प्लेऑफ होऊन कप पॉल लॉरीकडे, जो सकाळी आघाडीपासून १० फटके मागे होता.

त्या गवतातून वेजने आडवा फेअरवेवर काढला असता तर जिवावरचं बोटावर निभावलं असतं. मी हे कोचावर बसून सांगतोय याची जाणीव आहे. झाडाखालून मी स्वतः आजवर एकदाही आडवा मारलेला नाही. दोन फांद्यांमध्ये टोपलीएवढी फट दिसते आणि वाटतं, इथून जाईल.

निळी_छत्री
आणि जातो का?

वाळूतला_उंट
फांदीचा आवाज छान येतो.

पटकन_पट
ग्रीनवर आल्यावरचं कोणी बोललं नाही, म्हणून दोन वाक्यं. टूरवरचे लोकही ८ फुटांवरून निम्मेच पट घालतात. त्यामुळे २५ फुटांवरून घालायचा विचार सोडा, वेग तेवढा सांभाळा. आणि ग्रीनचा उतार ग्रीनवर पोचून कळत नाही. ३०-४० यार्ड अलीकडून चालत येताना कळतो, तेव्हा मोबाइलमध्ये डोकं नको. चिप करताना चेंडू होलच्या खालच्या अंगाला राहील असं बघा. चढावरचा पाच फुटांचा पट उताराच्या तीन फुटांपेक्षा सोपा असतो, निदान माझ्या हातांना.

डबलबोगी
उशिरा कळवतोय. शनिवारी स्टेबलफर्ड (होलनिहाय गुणांची स्पर्धा) होती, वरचं सगळं छापून खिशात घेऊन गेलो.

सातवा: उजव्या खुणेला टी, हायब्रिड, नेम डावीकडच्या शेवटच्या झाडावर. पोटात गोळा. चेंडू किंचित उजवीकडे वळला आणि फेअरवेच्या मधोमध थांबला, तळ्याच्या चांगला ४० यार्ड अलीकडे. साथीदार म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?" दुसरा ६ आयर्न डोक्यावर लागला, लोळत ११० गेला, पण सरळ. उरले ९५. पिन बंकरच्या मागे उजवीकडे होती. तिच्याकडे पाठ करायची हिंमत झाली नाही, पण नेम ग्रीनच्या मध्यावर धरला. चेंडू ग्रीनवर, २५ फूट. मग तीन पट. ६! दोन गुण. तीन पट घेऊन इतका खूश मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

पार ३: ५ आयर्न, जोर न लावता. ग्रीनच्या मागच्या भागात. पहिला पट उतारावर धावला, ४. बंकर पहिल्यांदाच लांबून पाहिला, बराच सुंदर आहे.

नियमबुवा
अभिनंदन. अवांतर: डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी ही पद्धत १९३२ मध्ये वॉलसीला काढली ती तुमच्यासारख्यांच्या सोयीसाठीच. सातव्यावर ८ ला तुमचे गुण शून्य, त्यामुळे सात फटक्यांत चेंडू आत गेला नाही तर उचलायचा आणि पुढच्या होलकडे चालू लागायचं. मागच्या राउंडसारखा ९ पर्यंतचा प्रवास वाचतो.

मागचा_टी
पार ५ चं सांगितलं नाहीत.

डबलबोगी
ड्राइव्ह फार सुरेख बसला होता हो.

मागचा_टी
किती?

डबलबोगी
८.

खडूस_कॅडी
पुढच्या शनिवारी थ्री-वूड घरी ठेवून या. १४ क्लब ही कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे.